दर दहा सेकंदांनी

साहेब, त्या बाईंना हल्लेखोर तुम्ही ठरवलंत. बुडालेल्या जहाजावरून कोण कोण वाचलं त्याची यादी आपल्या वेबसाइटवर लागते. गर्दी झाली की साइट बसते, म्हणून नवा सर्व्हर द्या असा अर्ज मी तीनदा केला. तुम्ही म्हणालात, "अर्ज कसले खरडतोस? तासात शंभरच्या वर जो पान उघडेल तो हल्लेखोर. कर ब्लॉक."

मी केलं. पहिल्याच दिवशी एक सापडला. दर दहा सेकंदांनी तेच पान उघडत होता. तुम्ही अहवालात लिहिलंत, 'हल्ला परतवला.'

आज एक मावशी ऑफिसात आल्या. "दादा, तीन दिवस यादी उघडत नाही हो. माझा धाकटा त्या जहाजावर स्वयंपाकी आहे."

त्यांचा फोन नोंदींशी ताडून पाहिला. हल्ला तिथूनच झाला होता.

शिपाई माझ्या कानाशी म्हणाला, "हाच का रे तुझा हल्लेखोर? जिना चढताना दोनदा टेकला बिचारा."

मी बंदी काढली. मावशींनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. धाकट्याचं नाव अजून नव्हतं. मी त्यांना सांगितलं, "मावशी, तुम्ही फार वेळा पान उघडलंत म्हणून ते बंद झालं होतं." वाटलं, आता शिव्या घालतील.

त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. पण दिवसातून किती वेळा बघायचं असतं, तेवढं सांगा. तेवढ्याच वेळा बघेन."

बाहेर बाकावर बसल्यात त्या. मी त्यांना काय सांगू? बोला ना, साहेब.