चौथ्या शर्यतीतली घोडी

शनिवारच्या चौथ्या शर्यतीत बाबांनी एका नऊ वर्षांच्या घोडीला एकशे बारा वेगांक दिला होता, आणि ते शक्यच नव्हतं. ही घोडी जन्मात कधी पंचाण्णवच्या वर गेली नव्हती.

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. पलीकडच्या खोलीत बाबा रविवारची झोप काढत होते.

वेगांकाचं गणित ऐकायला सोपं. घोड्याला लागलेला वेळ घ्यायचा. त्यातून मैदानाचा, वाऱ्याचा, पाठीवरच्या वजनाचा वाटा बाजूला काढायचा. उरतो तो घोड्याचा स्वतःचा वेग. पण आकडा बरोबर की चूक, हे त्या एकट्या आकड्याकडे बघून कळत नाही, सोबतचे घोडे बघावे लागतात. तिने बघितले. चौथ्या शर्यतीतले आठही घोडे आपापल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा अठरा-वीसने वर गेले होते. एखादा घोडा एखाद्या दिवशी उडतो. आठ एकदम उडत नाहीत.

बाबा चाळीस वर्षं एका साप्ताहिकातल्या आपल्या सदरासाठी हे आकडे काढत आले होते. रेसकोर्सवर त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. चार महिन्यांपूर्वी ते म्हणाले, "हात कापतो गं हल्ली. माझे आकडे नीट अक्षरात उतरवून सोमवारी कचेरीत देत जाशील?" ती हो म्हणाली. तिला दुसरं काम तरी कुठे होतं? ज्या दुकानात ती कपडे शिवायची ते बंद पडलं होतं, आणि आपल्याला जगात काही येत नाही हे तिने स्वतःला पक्कं पटवून दिलं होतं. गणिताशी तर लहानपणापासून उभा दावा. बाबा शिकवायला बसले की ही पसार.

पहिल्याच आठवड्यात बाबा वजन धरायला विसरले होते. तिने गुपचूप दुरुस्त केलं. मग वारा विसरले. मग ओलं मैदान. माळ्यावरच्या त्यांच्या जुन्या वह्या काढून ती एकेक गोष्ट शिकत गेली आणि चुका निस्तरत गेली. आधी त्या सहज दिसायच्या, आता हुडकून काढाव्या लागत. म्हणजे दुखणं खोल चाललंय, असा तिने अर्थ लावला आणि एकटीच रडून घेतलं.

त्यात संपादकांचा निरोप आलेला. "पंधरा आठवड्यांचे आकडे तपासून ठेवलेत. सोमवारी या, सदराचं काय ते ठरवू." आई गेल्यापासून बाबांना सकाळी अंथरुणातून उठवणारं ते एकच सदर उरलं होतं.

चार वाजता तिने चहा केला.

"बाबा, काल चौथ्या शर्यतीला काही वेगळं झालं का हो?"

"कसलं वेगळं?"

"सहज विचारलं."

"नाही बुवा. का गं, काही चुकलं?"

"छे! तुमचं कधी चुकलंय का?"

"तेही खरंच," बाबा म्हणाले. त्यांनी काठोकाठ भरलेला कप उचलला. थेंबही सांडला नाही. आज हात बरा आहे, तिला तेवढंच बरं वाटलं.

"काल यायला उशीर केलात तो?"

"मित्राला पत्र टाकायला गेलो होतो. दर शनिवारी टाकतो, माहितीये ना तुला."

बाबा फिरायला गेल्यावर तिने मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "चौथ्या शर्यतीला घोडे तीस-पस्तीस मीटर पुढून सोडले ताई. मागची जमीन खचली होती. काका समोरच तर बसले होते!"

जॉकीच्या बुटाचा सुटलेला बंद दुरून टिपणारा माणूस, त्याला हे दिसू नये? तिने डोळे पुसले, अंतर कमी धरून सगळं पुन्हा मांडलं. आठही घोडे मुकाट आपापल्या जागी आले. घोडी: चौऱ्याण्णव.

सोमवारी संपादकांनी तिला समोर बसवलं.

"पहिल्या पाच आठवड्यांत चुका आहेत ताई. दोन-दोन, तीन-तीन अंकांच्या."

"त्या माझ्या. उतरवताना झाल्या. बाबांना बोल लावू नका."

"पुढच्या दहांत एकही नाही."

"ते सगळं बाबांचं."

संपादकांनी चष्मा पुसला. मग तिच्या हातातला नवा कागद घेतला आणि चौथ्या शर्यतीवर बोट ठेवलं. "चौऱ्याण्णव. नक्की?"

"नक्की."

"काकांनी हेच लिहिलं होतं?"

"हेच." आयुष्यात इतक्या ठामपणे ती कधी खोटं बोलली नव्हती. "साहेब, त्यांचं सदर काढून घेऊ नका. ते खचतील."

संपादकांनी खण ओढला. आत पोस्टाने आलेली सोळा पाकिटं होती. सगळ्यात वरच्यातला कागद त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

अक्षर बाबांचं होतं. सरळ, ठसठशीत, एकही रेघ न थरथरलेली. शनिवारच्या सगळ्या शर्यतींचे आकडे होते, तिच्या कागदाशी अंकाला अंक जुळणारे. खाली दोन ओळी होत्या.

"चौथ्या शर्यतीतली घोडी चौऱ्याण्णव. मुलीच्या कागदावर मी मुद्दाम एकशे बारा लिहिलेत; तिने ते चौऱ्याण्णव करून आणले, तर या आठवड्यापासून सदरावर माझं नाव नको, तिचं घाला."