वृंदाच्या वाट्याचे आवाज

घटस्फोटात फ्लॅट वृंदाला मिळाला. भिंतींनी अकरा वर्षं साठवलेले आवाज मात्र कोर्टाने ज्याचे त्याला दिले. तंत्रज्ञ बाई नवऱ्याचे, हेरंबचे, शब्द काढून घेऊन निघाल्या.

"ताई, ते जिथे बोलले असतील, तिथे आता नुसती शांतता ऐकू येईल."

दार लागताच वृंदा घराला म्हणाली, "गणपतीतलं भांडण लाव."

त्या दिवशी हेरंबने आपल्याला तोंड उघडू दिलं नाही, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

तिचाच आवाज सुरू झाला. मोदकांच्या उकडीवरून तो सासूवर गेला, तिथून नणंदेवर घसरला. हेरंबची शांतता आता येईल, मग येईल, म्हणून ती कान देऊन उभी राहिली.

चाळीस मिनिटं झाली. भिंती एकदाही गप्प बसल्या नाहीत.