बाबांचं वजन

जिममध्ये शंभर किलोचा बारबेल उचलायचो, काय ऐट होती माझी! पण बाथरूममध्ये पडलेले बाबा काही मला उचलता येईनात. इकडून धरले की तिकडून निसटायचे.

ट्रेनरला सांगितलं तर तो हसलाच. "अरे, बारबेल दोन्हीकडे सारखा असतो, गप्प राहतो. माणूस असतो या केटलबेलसारखा. वर मूठ, खाली लोंबता गोळा. उचलला की झुलणार, ओढणार. आता हिच्याशी झटापट कर."

केली. तेव्हापासून रोज सकाळी बाबांना पलंगावरून उचलून खिडकीतल्या खुर्चीत बसवायचो. तेही दर वेळी माझ्या मानेला लोंबकळत कुरकुरायचे, "हळू रे! मी काय पोतं आहे का?"

आज हाक मारली तर ओ दिली नाही. रात्री औषधावरून बोललो होतो, म्हटलं रुसले असतील. नेहमीसारखे दोन्ही हात त्यांच्या अंगाखाली घातले, पाय रोवले आणि झोल सांभाळायच्या तयारीने त्यांना उचललं.



बाबा बारबेलसारखे वर आले. दोन्हीकडे सारखे, गप्प.