आधी रक्त

तांबड्यानं पुन्हा एकदा गोठ्याच्या दगडी भिंतीवर कपाळ आदळलं. कातडं फाटून हाड दिसायला लागलं होतं, तरी बैल थांबेना.

"सुई टोचा की वो लवकर, डॉक्टरीणबाई," बायनाबाई काकुळतीला आली. "कालधरनं असाच गरगर फिरायलाय. लेकरावानी वाढवलाय त्याला म्या."

धम्मशीलानं पेटी उघडली. औषधाची बाटली बाजूला ठेवली आणि रिकामी सुई हातात घेतली. चारठाण्याजवळच्या या वस्तीवर सर्रा रोग झालेला बैल आहे, असा फोन आला तशी ती परभणीहून निघाली होती. सर्ऱ्याचा जंतू रक्तात राहतो आणि अंगावरचा प्रथिनांचा अंगरखा सारखा बदलतो. जनावराचं शरीर एक अंगरखा ओळखतं न ओळखतं तोच त्यानं दुसरा चढवलेला असतो. कोणतं जनुक जागं झालं की कोणता अंगरखा तयार होतो, हेच तिचं संशोधन. त्यासाठी जंतू जिवंत हवे होते. औषध दिलं की ते मरणार.

"आधी रक्त घेते, मावशी. मग लगेच औषध."

बायनाबाईचा मुलगा पंडित वेसण धरून उभा राहिला. शेजारच्या नागनाथनं मागून दावं आवळलं. धम्मशीलानं मानेची शीर अंगठ्यानं दाबली, सुई घातली. नळीत काळपट रक्त चढू लागलं.

नळी भरली आणि तांबड्यानं हिसडा दिला. वेसणीनं नाक टराटरा फाटलं. मोकळी झालेली मान खाली गेली, आणि वर आली ती पंडितला शिंगावर घेऊनच. पंडित भिंतीवर आपटला. बैलानं त्याला तिथंच रेटलं, मागं सरला, पुन्हा रेटलं. शिंग मांडीत घुसलं.

"मार त्याला! नागनाथ, मार!"

ओरडत होती ती बायनाबाईच.

नागनाथनं कोपऱ्यातली पहार उचलली. पहिला घाव मानेवर बसला, बैल ढिम्म. दुसरा बरोबर दोन शिंगांच्या मधोमध. तांबड्या गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. पाय झाडायचे थांबले तरी पहार पडतच होती. नागनाथचे डोळे बैलासारखेच तारवटले होते. शेवटी बायनाबाईनं त्याचा हात धरला.

"बास कर, बाबा. मेलाय त्यो."

धम्मशीलानं नळी खिशात कोंबली आणि ओढणी काढून पंडितच्या मांडीला करकचून बांधली. ओढणी बघता बघता भिजली. तेवढ्यात वस्तीवरच्या कुणीतरी जीप आणली. नागनाथ आणि आणखी दोघांनी पंडितला उचलून आत घातलं. तो कण्हत होता, बैलाला शिव्या घालत होता.

जीपमध्ये चढता चढता बायनाबाई वळली.

"आधी औषध दिलं असतंस तर?"

औषधाचा गुण यायला दिवस लागतो. तेवढ्या वेळात काहीच फरक पडला नसता, धम्मशीलाला ते पक्कं ठाऊक होतं. तिनं सांगायला तोंड उघडलं. बायनाबाईच्या लुगड्यावर पोराचं रक्त होतं आणि बैलाचंही.

"तुला पायजे ते भेटलं ना?" बायनाबाईनं विचारलं.

उत्तराची वाट न बघता जीप निघाली.

गोठ्यात आता मेलेला बैल आणि ती. खिशातली नळी फुटली नव्हती. धम्मशीलाच्या हातांनी सवयीनं तिच्यातला एक थेंब काचेवर घेतला, नळी बर्फाच्या डब्यात ठेवली, पेटीतला सूक्ष्मदर्शक दगडावर मांडला.

तिनं डोळा लावला. थेंबभर रक्तात जंतू वळवळत होते, तांबड्या पेशींना ढुशा देत, वाट काढत. सगळे जिवंत.