गुणाजीचा गुडघा

"कंचा दुकतोय?" सरूने विचारलं, आणि गुणाजीने हाताला आला तो उजवा गुडघा दाखवला. दर गुरुवारी पेणला डॉक्टरकडे जावं लागेल, असंही ठोकून दिलं.

खांब गावातल्या त्या घरात नवराबायकोचं एवढं बोलणं म्हणजे चंगळच. लेक शकू सासरी गेली तेव्हाच सरूने सांगून टाकलं होतं, की शिमगा झाला की मी कासूला भावाकडे जाणार, कायमची. इथला माणूस बोलत नाही, नुसता खेकसतो. त्यावरही गुणाजी खेकसलाच. भीती वाटली की ती वाटली असं म्हणायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता सरू म्हणाली, "बरा होईस्तवर थांबते."

पेणला गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर जगन सर बसत. डॉक्टर गुडघ्याचे नव्हे, पुरुषांच्या मनाचे. गावाला कळलं असतं तर गुणाजीला वेड्यात काढलं असतं. सरांनी अभ्यास दिला: रोज बायकोला एक प्रश्न विचारायचा, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

संध्याकाळी सरू तेल कोमट करून ओटीवर बसायची, त्याचा डावा पाय मांडीवर घ्यायची आणि गुडघा चोळायची. गुणाजी विचारायचा, लहानपणी काय खेळायचीस? आधी तिने संशयाने पाहिलं. मग ती बोलू लागली.

ही बाई भरल्या खाडीत पोहायची! शकूच्या वेळी आपण मरणार असं वाटून तिने दाराकडे डोळे लावले होते, आणि हा आत येऊन फक्त "पोरगी?" म्हणाला होता.

"मी पन घाबरलो व्हतो," गुणाजी कसाबसा म्हणाला. एवढी वर्षं शेजारी निजणाऱ्या माणसात अख्खं गाव वसलेलं होतं आणि आपण वेशीवरूनच परतत होतो, या विचाराने तो थक्क झाला.

शिमगा होऊन गेला. सरूची ट्रंक दाराशी भरलेलीच होती. गुडघा काही बरा होईना, होणार कसा?

शेवटी सर म्हणाले, आता तिला खरं सांगा. परतीच्या एसटीत गुणाजी रडकुंडीला आला. खरं सांगितलं की दुखणं संपलं, आणि दुखणं संपलं की सरू कासूला.

संध्याकाळी तिने त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला, तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"सरू, गुडघा कदी दुकलाच नाय गो. बोलायला शिकाया जात व्हतो. तू जाशील म्हनून भ्यालो."

सरूने हात सोडवला आणि तळव्यावर तेल ओतलं.

"तुमी उजवा दावला व्हता," ती म्हणाली. "मी पयल्या दिसापासून डावाच चोळत्ये."