होडीपुढचा नारळ

नणंदेचं लग्न झालं त्याच वर्षी पूनमच्या नवऱ्याने नवी होडी बांधली. मुरुडला त्यांच्या कोळीवाड्यात नव्या होडीपुढे नारळ लेकुरवाळीने वाढवायचा असतो. पूनमचा गर्भ तीनदा पडला होता, म्हणून ती मागेच थांबली. सासूने, तुळशीने, नारळ तिच्याच हाती दिला. तुळशीची जाऊ म्हणाली, “अगो, खोट हाय तिच्यात.” “तिच्यात न्हाय, माझ्यात. डॉक्टरने आमच्या तिघांचं रक्त तपासलं. माझी गुणसूत्रं उलटसुलट जुळलेली, तीच पोराला गेली. माझेपण दोन गर्भ पडले.” “हळू बोल. लेकीच्या सासरी कळंल.” “कळू दे. तिलापण तपासायला लावनार हाय,” तुळशी म्हणाली आणि सुनेकडे वळली, “वाढव गो पोरी, भरती ओसरंल.” पूनमने आधी सासूच्या पायांना हात लावला, मग नारळ वाढवला. शेवटचं पाणी पूनमच्याच हातून पिऊन तुळशी पुढच्या माघी पौर्णिमेला वारली.