बाजूला काढलेली मशीन

मोजणीच्या मांडवाबाहेर केंद्राध्यक्ष दीपमालाबाईंचा जीव टांगणीला लागला. मतदानाच्या सकाळी चाचणीसाठी टाकलेली पन्नास मतं पुसायची त्या विसरल्या, म्हणून त्यांच्या केंद्राची मशीन बाजूला काढली होती. जिंकणाऱ्याची आघाडी तिच्यातल्या सहाशे मतांहून कमी निघाली, तरच ती मोजणार. मग खासदारकी त्यांच्या चुकीवर अडणार. इथले निकाल आजवर हजारांनी लागलेले, आज फेरीगणिक आघाडी वितळत होती. दोन हजार. नऊशे. शेवटी भोंग्यावर आकडा आला: सातशे चार. धर्मेंद्र तलाठी धावत आला. “सुटल्या तुमी, मॅडम. मशीन मोजून नाई राहिले.” बाईंचा जीव भांड्यात पडला आणि सुंदराबाई आठवल्या: पहिल्या निवडणुकीपासून एकही मत न चुकवलेल्या, नव्वदीतही बाजेवर बसून केंद्रावर आलेल्या. बटण दाबून त्यांनी विचारलेलं, “माहं मत मोजतीन ना वं?” “मोजतीन, आजी,” दीपमालाबाईंनी सांगितलं होतं.